फराळ न घेता झाशीला

भाद्रपदात एका मंगळवारी सकाळी माझे पती गेले. ते आरशासमोर दाढी करत होते. मी भाजी चिरत होते. पडल्याचा आवाज आला. मी आत गेले तेव्हा नळ चालू होता. मी तो बंद केला. मग शेजाऱ्यांना हाक मारली. डॉक्टर आले आणि त्यांनी कागदावर वेळ लिहिली.

दुपारी मी झाशीला फोन लावला. तिथे त्यांची थोरली बहीण राहत होती. मी त्यांना वन्सं म्हणत असे. फोन वन्संच्या मुलाने घेतला. तो रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे. माझं ऐकल्यावर पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मामी, आईला आत्ता नाही सांगायचं. पंधरा दिवस झालेत अटॅकला. डॉक्टरने साफ मना केलंय, कुठलाच धक्का नको."

मी बरं म्हटलं. त्या दिवशी कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी बरंच म्हटलं असतं.

तो दहाव्याला आला नाही, तेराव्यालाही आला नाही. सांगलीला कशाला चाललास, असं आईने विचारलं तर काय सांगायचं, हा प्रश्न होता. त्याच्या भीतीला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या काकांना अपघात झाला होता आणि ती बातमी वडिलांना त्यानेच सांगितली होती. वडील तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हापासून घरात कुणालाही काही सांगायची वेळ आली की तो आधी बाहेर जाऊन एक फेरी मारून येतो, असं वन्संनीच मला एकदा सांगितलं होतं.

आईला त्याने सांगितलं की मामाच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायचं नाही. फोनचा प्रश्न असा सुटला. पत्राचा सुटला नाही. माझे पती दर महिन्याला बहिणीला एक इनलँड पत्र लिहीत. फोनवर बोलणं त्यांना आवडत नसे. राखीला आणि भाऊबीजेला तेवढं बोलत. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे पत्र मुलगाच वाचून दाखवायचा. अक्षर कुणाचं आहे हे त्यांना दिसणार नव्हतं. म्हणून पत्र मी लिहू लागले.

मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जपलं, स्वतः काही लिहिलं नाही. त्यांच्या नावाने पहिलं पत्र लिहायला मला चार दिवस लागले. "प्रकृती सुधारते आहे. तू औषधं वेळेवर घे. जिने चढू नकोस." असं ते पत्र होतं. खाली सही करताना त्यांची सही जशी यायची तशी काढली, आणि मग लक्षात आलं की त्याची काही गरज नव्हती.

कोजागिरीनंतर भाच्याचा फोन आला. "मामी, प्रॉब्लेम झालाय. आई म्हणते, त्याला येता येत नाही तर मी सांगलीला जाते, भाऊबीज तिकडेच करते. तिकीट काढ म्हणून पाठी लागलीये. डॉक्टर म्हणतो, प्रवास बिलकुल नाही. तुम्हीच या ना इकडे. म्हणा, मामाने झाशी बघायला पाठवलंय."

झाशी बघायला हे कारण त्याने उगाच काढलेलं नव्हतं. माझे सासरे भुसावळहून झाशीच्या वर्कशॉपमध्ये आले आणि जवळच्या नगरा वस्तीत राहिले. माझे पती तिथेच वाढले. लग्नानंतर मी झाशीला दोनदा गेले, एकदा नवी सून म्हणून आणि एकदा सासरे गेले तेव्हा. दोन्ही वेळा मी स्वयंपाकघर पाहिलं. पुढे वन्संही लग्न होऊन नगऱ्यातच राहिल्या आणि आमचं जाणं लांबत गेलं. ते म्हणायचे, "पुढच्या वेळी तुला टूरिस्टसारखी फिरवतो. किल्ला, राणीमहाल, बाजार. चार दिवस चूल पेटवायची नाही." दर उन्हाळ्यात म्हणायचे. भाच्याला हे माहीत होतं, वन्संना तर होतंच.

मी मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं होतं. ते पुन्हा घातलं. कपाळाला टिकली लावली. आरसा तोच होता. आमच्याकडे वर्ष पाळायचं होतं. सण नव्हता, घरात तळण नव्हतं. दिवाळीत कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाजारातून भडंगाचे दोन पुडे घेतले. वन्संसाठी एक सुती साडी घेतली. माझ्या पतींचा फोन मी घरी ठेवू शकले नाही. रोज चार्ज करत होते, तसाच करून पर्समध्ये टाकला.

गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, कुठे चाललात? मी म्हटलं, झाशी बघायला.

*

चतुर्दशीच्या सकाळी भाचा स्टेशनवर उभा होता. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पाया पडला, बॅग घेतली, मला ऑटोत बसवलं. मग म्हणाला, "मामी, बस एवढंच करा. थोडं हसून बोला. आणि आई मामाचं विचारेल तेव्हा मला बोलू द्या."

"तू घरी नसशील तेव्हा?"

ऑटोवाल्याला तो म्हणाला, "भैया, धीरे. गड्ढा है."

वन्सं दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी वाकले तर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळ आणला. त्यांना तसंच दिसायचं.

"ये गं. टूरिस्ट आली. चाळीस वर्षांनी आठवण झाली का त्याला, बायकोला झाशी दाखवायची आहे म्हणून?"

"आई, मामाचा घसा..." भाचा म्हणाला.

"माहीत आहे. तू चाय ठेव."

सून मुलांना घेऊन ग्वाल्हेरला माहेरी गेली होती, भावाला ओवाळायला. घरात आम्ही तिघंच. वन्संनी माझी पिशवी मांडीवर घेतली आणि चाचपून एकेक वस्तू बाहेर काढली. साडी काढली, गालाला लावून पाहिली. भडंगाचे पुडे काढले. मग हात पुन्हा आत घातला आणि पिशवीच्या तळाशी फिरवला.

"आणखी काही नाही ना राहिलं हिच्यात?"

"नाही वन्सं."

त्या थोडा वेळ पिशवी तशीच धरून बसल्या. मग घडी घालून माझ्या हातात दिली. "बरं. भडंग आणलंस, छान केलंस. इथे मिळत नाही."

त्या दिवशी त्यांनी भावाबद्दल दुसरं काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. भाच्याने मला डोळ्यांनीच शाबासकी दिली.

*

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी ऑटो करून वन्सं मला माणिक चौकात घेऊन गेल्या. त्यांना गर्दीत नेऊ नये असं मला वाटत होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. ऑटोवाल्याने भाडं जास्त सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भैया, मैं तो झांसी की हूँ. टूरिस्ट ये हैं. इनका अलग लगा लो, मेरा ठीक से लगाओ." तो हसला आणि त्याने ठीक लावलं.

बाजाराबद्दल माझ्या पतींनी मला चाळीस वर्षं सांगितलेलं होतं. मी मनात एक मोठा रस्ता धरला होता. प्रत्यक्षात ते बोळ होते. जमिनीवर पणत्यांचे ढीग, साखरेचे हत्ती-घोडे, लाह्या-बत्तासे, झेंडूच्या माळा, आणि त्यातूनच मोटरसायकली चाललेल्या. एक बाई गोणपाटावर बरुआसागरचं आलं विकत होती, ताजं, मातीसकट. मी एक एक बघत होते आणि मनात त्यांना सांगत होते: तुम्ही म्हणालात ते पितळेचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरांचं झालं आहे. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आहे. तुम्ही सांगितलेला पिंपळ मला सापडला नाही. कदाचित मी चुकीच्या बोळात असेन.

एका कापडाच्या दुकानासमोर वन्सं थांबल्या. दर दिवाळीला त्या भावासाठी इथूनच कुर्त्याचं कापड घेऊन पाठवत. आमच्या कपाटात तसे कुर्ते अजून आहेत, काहींची तर घडीही मोडलेली नाही. दुकानदार त्यांना ओळखत होता. उठून उभा राहिला.

"आइए माताजी. भाईसाहब के लिए वही क्रीम वाला निकालूँ?"

त्या कापड घेणार, मला मापं विचारणार, आणि मला ती सांगावी लागणार.

"इस बार नहीं," वन्सं म्हणाल्या. "उसके पास बहुत हो गए. आप दो पर्दे दिखाइए."

त्यांनी पडदे घेतले. निळ्या रंगाचे, जाड. रंग कोणता आहे हे त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं.

पुढे एका मिठाईच्या दुकानात आम्ही बाकावर बसलो. त्यांचे वडील पगाराच्या दिवशी दोघा भावंडांना इथे आणत, असं त्या म्हणाल्या. जिलबी एक आणि खाणारे दोन. तो मधला भाग घ्यायचा आणि बहिणीला कडा द्यायचा. "कंजूस," त्या म्हणाल्या. "तुला काय काय कमी पडलं असेल त्याच्याकडे, मला कल्पना आहे."

"काही नाही पडलं वन्सं."

"तू खोटं बोलायला शिकली नाहीस अजून."

पोऱ्या जिलबीच्या दोन बश्या घेऊन आला. मी या वर्षात गोड सोडलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्या महिन्यात घशाखाली उतरलं नाही आणि मग तसंच राहिलं. आता खावं लागणार होतं. मी बशीला हात लावला, तेवढ्यात वन्संनी दुकानदाराला हाक मारली. "इनको मीठा नहीं चाहिए भैया. कचौड़ी दीजिए."

डॉक्टरांनी मनाई केली असताना माझ्या वाटणीची जिलबीही त्यांनीच खाल्ली. मध्यभाग आधी खाल्ला.

मी तेव्हाही काही समजले नाही. मला एवढंच वाटलं की मला मधुमेह असेल अशी बाईंना शंका आली असावी.

*

पाडव्याला सकाळी किल्ला. आमच्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी लवकर उठून बसले होते. वन्सं आता काहीतरी म्हणतील, फोटोला ओवाळ म्हणतील, फोन लाव म्हणतील, म्हणून पहाटेपासून मी उत्तरं जुळवत होते. त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत निघू."

किल्ल्याच्या रस्त्यावर ऑटो थांबला. समोरून खेड्यातल्या माणसांची एक रांग चालली होती, कमरेला घुंगरू बांधलेली, हातात मोरपिसांच्या जुड्या. घुंगरांचा आवाज येत होता, पण माणसं गप्प होती.

"मौनिया आहेत," वन्सं म्हणाल्या. "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी व्रत धरतात. गावोगाव फिरतात, दिवसभर बोलत नाहीत." रांग गेल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "संध्याकाळी सोडतात पण. आयुष्यभर नाही धरत."

त्यांना चढ झेपणार नव्हता. तिकिटाच्या खिडकीजवळ बाकावर बसून त्यांनी मला एकटीला वर पाठवलं. "सगळं बघून ये. नीट बघ. तो विचारेल."

मी सगळं नीट पाहिलं. तोफ पाहिली. राणीने घोड्यावरून उडी घेतली म्हणतात ती जागा पाहिली. तिथे लोक वाकून खाली बघत होते आणि आपापला फोटो काढत होते. खालची उंची पाहिल्यावर मला घोड्याचं काय झालं असेल असं वाटलं. ऊन तापू लागलं होतं. बुरुजावरून शहर दिसलं, पाण्याच्या टाक्या, गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, आणि दूर रेल्वेचं यार्ड. त्याच्या पलीकडे कुठेतरी नगरा. ते आणि वन्सं लहानपणी या बुरुजावर येऊन इंजिनांचे धूर मोजत. ज्याच्या बाजूला कमी निघतील त्याने दुसऱ्याचं दप्तर घरापर्यंत वाहायचं. आता धूर निघत नाही.

एक नवं जोडपं माझ्याजवळ आलं. "आंटी, एक फोटो खींच देंगी?" मी काढला. मुलगी फोन परत घेताना म्हणाली, "आपका भी खींच दूँ? अकेली आई हैं?"

"हाँ," मी म्हटलं. "अकेली."

झाशीत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी हसते आहे, कारण भाच्याने हसायला सांगितलं होतं.

संध्याकाळी भाचा आम्हाला सिपरी बाजारातल्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेला. काचेचं दार, थंड हवा, टेबलावर कापडाचे रुमाल घडी घालून ग्लासात खोचलेले. त्याने नको तेवढं मागवलं. तो फार बोलत होता, वेटरशी, माझ्याशी, मधेच स्वतःशी. पनीर आल्यावर त्याने फोन काढला.

"मामी, इकडे बघा. मामाला फोटो पाठवतो. जळू दे त्याला जरा."

"पाठव," वन्सं म्हणाल्या. "पेज पितोय म्हणावं, बस पीत."

त्याने फोटो काढला आणि सवयीने खरोखरच पाठवला. माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये त्यांचा फोन वाजला. आमच्या घरी तो आवाज रोज वीस वेळा व्हायचा, त्यांच्या शाळेच्या मित्रांमुळे.

भाच्याचा चेहरा पडला. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मी पर्सवर हात दाबून धरला. वन्सं पोळीचा तुकडा मोडत होत्या.

"तुझा फोन वाजला वाटतं," त्या मला म्हणाल्या. "असू दे. जेव आधी."

*

भाऊबीजेला दुपारी भाचा ग्वाल्हेरला निघाला, बायको-मुलांना आणायला. जाताना जिन्याखाली मला गाठून म्हणाला, "मामी, आज सांभाळा. दर वर्षी आई पाट मांडते, मामाच्या नावाने सुपारी ठेवते, तिला ओवाळते. मग फोन लावते मामाला. आज म्हणेल, लाव, तो नुसता ऐकू दे. तुम्ही म्हणा, रेंज नाही. आजचा दिवस गेला की सुटलो."

"आणि मग? कधी सांगणार आहेस?"

"बघू मामी. थोडी बरी होऊ द्या." त्याने चप्पल घातली. "बाबांच्या वेळी मी घाई केली होती."

तो गेला. मी संध्याकाळपर्यंत वन्संच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी वाती वळल्या. निरांजन घासलं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी काढली. मी पाटाची वाट पाहत होते. तो कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभा होता. मला माहीत होतं की त्या पाट मांडतील, तिथे सुपारी ठेवतील, तिला म्हणतील, बस रे बाबा, आणि ते मला बघावं लागेल. मी रेंज नाही हे वाक्य मनात म्हणून पाहत होते.

दिवस बुडाला. वन्सं ताट घेऊन उठल्या आणि जिन्याकडे गेल्या.

"वन्सं, जिना नको. डॉक्टरांनी..."

"तू माझ्या मागून ये. पडले तर धर."

सोळा पायऱ्या होत्या. त्या तीनदा थांबल्या. प्रत्येक वेळी ताट माझ्या हातात दिलं, भिंतीला टेकून श्वास घेतला, आणि ताट परत घेतलं. गच्चीवर शेजारच्या मुलांनी उडवलेल्या फटाक्यांचा कागद पडला होता. पश्चिमेला एका पाण्याच्या टाकीच्या वर बीजेची कोर होती, अगदी बारीक.

"कुठे आहे?" वन्संनी विचारलं. "मला दिसत नाही. माझं तोंड कर तिकडे."

मी त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना वळवलं. त्यांनी मला निरांजन लावायला सांगितलं. मी लावलं आणि पुन्हा त्यांचे खांदे धरले. मग त्यांनी आकाशाकडे कुंकवाचं बोट केलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, आणि ताट हातात घेऊन तीन वेळा चंद्राला ओवाळलं.

भाऊबीजेला चंद्राला ती बाई ओवाळते जिला भाऊ नाही.

मी त्यांचे खांदे सोडले नव्हते. मला बसावंसं वाटलं, पण तिथे बसायला काही नव्हतं.

"कधी?" त्यांनी विचारलं. तोंड अजून टाकीकडेच होतं.

"भाद्रपदात. तुमच्या अटॅकनंतर पंधरा दिवसांनी."

"कसा?"

मी सांगितलं. आरसा, नळ, सगळं. मी ते कुणालाच असं सलग सांगितलं नव्हतं. आमच्याकडे लोक आले होते, पण त्यांना पडणं सांगितलं की पुरत असे. नळाचं वन्संनी दोनदा विचारलं. पाणी वाया घालवल्याबद्दल आईने लहानपणी दोघा भावंडांना फार बोलणी ऐकवली होती, त्या म्हणाल्या. तेवढ्याने त्या रडू लागल्या. आवाज न करता, ताट हातात धरून. निरांजन विझेपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो.

मग मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्या पत्राला शंका आली. इतक्या वर्षांत त्याने मला चिडवल्याशिवाय पत्र लिहिलं नाही. तुझी वरणफळं अजून वातड होतात का, तुझा मुलगा तुझ्यावर गेला नाही हे नशीब, असलं काहीतरी. आणि अचानक लिहितो काय, औषधं वेळेवर घे. मला वाटलं, फार आजारी असेल. म्हणून सांगलीला येते म्हटलं." त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. "मग तू आलीस. दिवाळीला आलीस आणि फराळ नाही. एक चकली नाही. शेव नाही. बाजारचं भडंग. पिशवी चाचपली तेव्हाच मी समजले. तू अशी येणार नाहीस. घरात कढई चढली नसेल तरच अशी येशील."

मी बत्तीस वर्षं पुस्तकांच्या कपाटांसमोर उभी राहिले. कुठली जागा रिकामी आहे हे मला न मोजता कळायचं. मंगळसूत्र, टिकली, साडी, हसणं, सगळं मी आठवणीने नेलं होतं. पिशवीत काय नाही, हे मला दिसलं नव्हतं.

"मग चार दिवस का बोलला नाहीत?"

"तुला झाशी बघायची होती ना. त्याने दाखवली असती तशी दाखवली." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि बोलून काय करणार होते? पोरगा सारखा घरात."

"तो येईल उद्या. मी सांगते त्याला, की तुम्हाला कळलंय आणि तुम्ही ठीक आहात. त्याच्या मनावरचं ओझं उतरेल."

"नाही सांगायचं."

"वन्सं..."

"ऐक माझं. माझं हृदय किती चालणार ते डॉक्टरने मला सांगितलंय. त्याला नाही, मला. मी लवकरच जाणार आहे, या बातमीने नाही, तशीच जाणार आहे. पण मला कळलं होतं हे त्याला माहीत असलं, तर तो दिवस मोजेल. मामाचं कळलं आणि आई गेली. बापाचं घेऊन बसलाय तसं माझंही घेऊन बसेल. मला काही माहीत नव्हतं, असंच राहू दे. तू पत्र लिहीत राहा. तो वाचेल, मी ऐकेन."

मी हो म्हटलं. दोन महिन्यांपूर्वी भाच्याला म्हटलं तसं नाही. या वेळी मला समजत होतं मी कशाला हो म्हणते आहे.

"आणि लिहायचं तर नीट लिही," त्या म्हणाल्या. "चिडवत जा मला. औषधांचं डॉक्टर सांगतो."

जिना उतरताना मी पुढे होते आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "गळ्यातलं काढलंस तरी मला चालेल. ठेवलंस तरी चालेल. त्याच्यासमोर मात्र उद्या असू दे."

*

निघायच्या दिवशी वन्संनी सुनेला सांगून एक मोठा स्टीलचा डबा भरवला. चकल्या, शेव, करंज्या. भाचा म्हणाला, "आई, मामीच्या घरी काय फराळ कमी आहे का?" मग त्याचं त्यालाच काय बोललो ते कळलं आणि तो बॅग उचलायला वाकला.

"इथला आहे," वन्सं म्हणाल्या. "मामाला आवडतो."

ज्या घरात वर्षात कुणी गेलेलं असतं तिथे बहिणी-भावजया फराळाचा डबा नेऊन देतात. मी परतल्यावर आमच्या घरी शेजाऱ्यांचे तीन डबे आले. बहिणीचा हा एकच.

मी हिवाळाभर पत्रं लिहिली. चिडवणं मला जमत नव्हतं. माझ्या पतींची जुनी पत्रं माझ्याकडे नव्हती, वन्संची उत्तरं होती. त्यांवरून त्यांनी काय लिहिलं असेल ते शोधून काढलं. मी वरणफळांवर लिहिलं. वन्संच्या निळ्या पडद्यांना रेल्वेच्या वेटिंग रूमचे पडदे म्हटलं. जिलबीच्या कडांवर लिहिलं. भाच्याचा फोन यायचा, "मामी, आपने क्या लिखा, आई इतकी हसली, मला थांबावं लागलं वाचताना."

फाल्गुनात एका दुपारी वन्सं झोपेत गेल्या. या वेळी मी झाशीला गेले तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं. तेराव्यानंतर भाचा मला स्टेशनवर सोडायला आला. गाडीला उशीर होता. फलाटावर उभा असताना तो म्हणाला, "एक गोष्ट चांगली झाली मामी. मामाचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

"हो," मी म्हटलं. "नाही कळलं."

त्याने मान हलवली. तो बरा दिसत होता.

तो मराठी वाचू शकतो, पण पत्रांपलीकडे त्याने कधी वाचलेलं नाही. हे तो वाचणार नाही असं धरून मी लिहिते आहे.

वन्संचा डबा माझ्याकडे आहे. तो परत पाठवायचा राहिला. माझ्या पतींनी आणून ठेवलेली इनलँड पत्रं टेबलाच्या खणात आहेत. त्यांतली नऊ कोरी आहेत.